तिसरा तांब्या

गुरुवारची आंघोळ झाल्यापासून कोकिळाच्या पायाला भिंगरी लागली होती. गॅसवर दूध ठेवायचं आणि फाटकापाशी जाऊन उभं राहायचं. उतू गेल्याचा वास आला की धावत आत यायचं, शेगडी पुसायची, आणि पुसून झाली की पुन्हा पुसायची. नवऱ्याच्या खोलीत दर दहा मिनिटांनी डोकवायचं आणि तो आपल्याकडे बघतोय असं दिसलं की उशीचा अभ्रा उगाच ओढून सरळ करायचा. बत्तीस वर्षं नर्सची नोकरी केलेली बाई ही. रक्त बघून कधी डगमगली नाही, आणि आता साधा चहा गाळताना अर्धा कपाबाहेर सांडत होती. कारण विचाराल तर तांब्याभर पाणी. खरं म्हणजे दोन तांबे. तिसरा राहून गेला होता, आणि जीव त्या तिसऱ्यातच अडकला होता.

तिच्या नवऱ्याचं नाव हेमराज पाटील, मूळचा रनाळ्याचा. लोणखेड्याला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुण्यात आणि मुलांवर ओरडण्यात त्याची नोकरी संपली, आणि गावाबाहेरच्या दोन एकरांत पपई लावण्यात उरलेला वेळ. तरुणपणी मोटारसायकलवरून पडून त्याचा पाय मोडला आणि तो सहा आठवडे मिशनच्या दवाखान्यात पडून राहिला. तिथे कोकिळा गावित नावाची नर्स होती, नवापूरकडची मावची आदिवासी, घराण्यातली ख्रिस्ती झालेली तिसरी पिढी. पाय जुळला तोवर बाकीचंही जुळलं होतं. तेव्हा तो तिला ‘सिस्टर’ म्हणायचा आणि लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेली तरी त्यानं ते सोडलं नव्हतं. पहिल्या पहिल्यांदा शेजारणी पदर तोंडाला लावून हसायच्या. पुढे त्यांनाही सवय झाली.

लग्न कचेरीत झालं. हेमराजची आई रनाळ्याहून आली, मुलीला खाली-वर न्याहाळून बघितलं आणि एकच अट घातली. “तू तुन्हा देव धर. पन मन्हा आंडोरले तिकडे ओढू नको.” आंडोर म्हणजे पोरगा, एवढं कोकिळाला तोपर्यंत कळायला लागलं होतं. तिनं सासूच्या पायाला हात लावून शब्द दिला. त्याच संध्याकाळी हेमराज तिला हसत म्हणाला होता, “मायनं मनावर लेऊ नको. माले कोनी बलावं त मी येसू. पन बलावाबिगर मी कोन्हा लगनमाबी जास नही.” कोकिळाही हसली होती. बोलावणारा वर बसलाय, तो त्याच्या वेळेला बोलावेल, असं तिनं मनाशी म्हटलं आणि विषय संपवला.

दर रविवारी हेमराज तिला स्कूटरवर शहाद्याला घेऊन जायचा. ती चर्चला, त्यांच्या भाषेत देवळात, जायची आणि तो बाहेरच्या निंबाखाली पेपर उघडून बसायचा. उपासना लांबली तर दुसऱ्यांदा तोच पेपर वाचायचा. नाताळला मात्र सगळ्यांनाच बोलावणं असायचं म्हणून आत यायचा, चपलांजवळच्या बाकावर बसायचा आणि केकचा तुकडा खाऊन सगळ्यांच्या आधी बाहेर पडायचा. पस्तीस वर्षांत ना तिनं ओढलं, ना त्यानं तिला अडवलं. लोक म्हणायचे, संसार असावा तर असा. कोकिळालाही तसंच वाटायचं, परवा-परवापर्यंत.

दिवाळीनंतर हेमराजला लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. बोलायचा, पण एकेक शब्द विहिरीतून पाणी काढावं तसा वर यायचा. डॉक्टर म्हणाले, काळजी घ्या, दुसरा झटका येऊ शकतो. डॉक्टरांनी जे सांगितलं नाही तेही कोकिळाला कळत होतं, आणि तेव्हापासून ती एकच गोष्ट मोजत होती, की आपल्या हाताशी दिवस किती. हा माणूस असाच गेला तर याला तापीकाठी नेतील आणि आपल्याला मिशनच्या कबरस्तानात. तिथपर्यंतही ठीक होतं, माती आणि राख तिनं पुष्कळ बघितली होती. पण त्याच्या पुढे? पुढेही हा निंबाखाली आणि मी आत?

हेमराजला एकटं ठेवता येत नाही म्हणून बुधवारचा शास्त्रवर्ग, म्हणजे बायबलचा अभ्यास, तिनं आपल्याच हॉलमध्ये आणला. चर्चचा पाळक रायसिंग धडगावच्या वरच्या पाड्यातला, तिशीतला माणूस. पावरी बोलीच्या वळणाचं मराठी बोलायचा आणि अवघड विषयाला भिडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. गेले पाच बुधवार विषय चालला होता निवडीचा. जगाचा पाया घालण्याआधीच देवानं आपली माणसं निवडली. कोणी चांगला म्हणून नाही, कोणी विचारलं म्हणून नाही. त्याची मर्जी. आणि ज्याला तो निवडतो त्याच्या मागे तो लागतोच, तो माणूस पळाला, लपला, झोपून राहिला तरी सोडत नाही.

ही शिकवण कोकिळाला नवी नव्हती. उलट आयुष्यभर तिला तिचाच आधार वाटला होता. तिची आजी ज्या पाड्यात राहायची तिथे तेरा झोपड्या होत्या, आणि देवानं नेमकी एकच झोपडी शोधून काढली, हे ती कित्येकदा उपासनेत साक्षीला उभी राहून सांगायची. बाकीच्या बारा झोपड्यांचं काय, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. आता त्या बारांतली एक झोपडी तिच्याच घरात, आतल्या खोलीत पलंगावर होती.

“आणि पाळकसाहेब,” त्या बुधवारी तिनं विचारलंच, “ज्यांचं नाव निवडलेल्यांत नाही, त्यांनी काय करायचं?”

पाळक रायसिंगनं मांडीवरचं पुस्तक मिटलं. “कोणाचं आहे आणि कोणाचं नाही, हे आपल्याला दिसत नाही, आई. ते त्याच्यावर सोडायचं.”

सोडायचं म्हणे! सोडायला काय, तुमचं माणूस निजलंय का आत? कोकिळाच्या मनात आलं.

तेवढ्यात आतून जड आवाज आला. एकेक शब्द सुटा. “पाळकसाहेब. मी पपई लावस. नर झाड उपाडनं पडस. पन मी फूल देखीसन उपाडस. तुम्हना देव... बी पेराना पहिलेच उपाडस का?”

हॉलमध्ये हसू फुटलं. पाळकही हसला आणि म्हणाला, “काका, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. पुढच्या बुधवारी वाचून येतो.” सगळे हसले, एक कोकिळा सोडून. त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

गुरुवारी सकाळी नेहमीसारखं तिनं हेमराजला धरून न्हाणीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. बादलीत कढत पाणी विसणलं, अंगाला, तोंडाला साबण लावला. फेसामुळे त्यानं डोळे मिटले. चेहरा पांढराफटक, डोळे बंद, मान एका बाजूला कललेली. ते बघितलं आणि कोकिळाचा साबणाचा हात थांबला. कारण असे चेहरे तिनं पाहिले होते, फक्त फार लहान.

बाळंतपणाच्या वॉर्डात ती नवी असताना सरलाबाई नावाच्या मेट्रन होत्या. ख्रिस्ती घरातलं बाळ जगत नाही असं दिसलं आणि पाळक यायला वेळ नसला, तर नर्सनं आपल्या हातानं तीनदा बाप्तिस्म्याचं पाणी घालायचं, तिन्ही नावं घ्यायची आणि वहीत नोंद करायची, असं त्यांनी शिकवलं होतं. पित्याचं नाव, पुत्राचं नाव, पवित्र आत्म्याचं नाव. कोकिळानं बत्तीस वर्षांत अकरा बाळांना असं पाणी घातलं. त्या बाळांना कोणी विचारलं नव्हतं, तुला यायचंय का म्हणून. हात ती कृती विसरला नव्हता.

तिनं तांब्या बुडवला. हेमराजच्या डोक्यावर ओतला आणि ओठांतल्या ओठांत पहिलं नाव घेतलं. दुसरा तांब्या, दुसरं नाव. तिसरा तांब्या भरून हातात घेतला, तोच बाहेरून गॅसवाल्यानं फाटक बडवलं. “टाकी! मावशी, टाकी!” हाका थांबेनात. फाटकाला आतून कुलूप होतं. कोकिळानं हेमराजच्या अंगावर पंचा टाकला, तांब्या तसाच बादलीच्या कडेला ठेवला आणि धावली. टाकी घेणं, रिकामी देणं, सही, यात पाच-सात मिनिटं गेली. परत आली तेव्हा हेमराज कुडकुडत होता. तिच्यातली नर्स जागी झाली. तिनं झटपट अंग पुसलं, स्वेटर चढवला, त्याला पलंगावर निजवलं. आणि मग न्हाणीत जाऊन पाहिलं, तर भरलेला तांब्या तिथेच होता.

झालं. तेव्हापासून हे असं.

आधी वाटलं, दोन नावं पडली म्हणजे काहीतरी तर झालं. मग वाटलं, अर्धा बाप्तिस्मा म्हणजे कसला बाप्तिस्मा, देवाची थट्टाच की ही. मग वाटलं, गॅसवाला नेमका तेव्हाच का आला? तो आला की पाठवला? म्हणजे वरूनच कोणी सांगितलं का, की कोकिळा, हात मागे घे, हा माणूस माझ्यांतला नाही? हा विचार आला आणि ती चालता चालता मोरीपाशीच खाली बसली. शुक्रवारी तिला वाटलं, आजच तिसरा तांब्या ओतून टाकावा. तिनं तांब्या उचललाही, पण सासूला दिलेला शब्द आठवला आणि हात उठेना. शनिवारपासून तिनं आंघोळ ओल्या फडक्यावर भागवली.

“सिस्टर,” हेमराज म्हणाला, “आंघोय बंद करी का?”

“थंडी शे,” ती म्हणाली आणि खोलीबाहेर पडली. डिसेंबरातलं ऊन अंगणात चांगलं तापलं होतं.

रविवारी शेजारची फाल्गुनी दोन तास हेमराजपाशी बसली आणि कोकिळा रिक्षानं देवळात गेली. त्या दिवशी प्रभुभोजन होतं. ख्रिस्ताच्या आठवणीच्या भाकरीची थाळी तिच्यापुढे आली आणि मनात हे असं असताना घ्यायची कशी म्हणून तिनं ती न घेताच पुढे सरकवली. असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. पाळक रायसिंगच्या नजरेतून ते सुटलं नाही. उपासना संपल्यावर तो तिच्याकडे आला.

“आई, काय झालं?”

“काही नाही. एक विचारायचं होतं,” कोकिळा म्हणाली. “माझ्या ओळखीची एक नर्स आहे. तिनं एका आजारी माणसाला पाणी घातलं. पण दोनच नावं घेतली. तिसरं राहिलं. मग ते लागू होतं का?”

पाळकानं तिच्याकडे बघितलं. तो तरुण होता, पण बावळट नव्हता. “आई, तांबे मोजून देव कोणाला आत घेत नाही. त्या नर्सनं त्या माणसाला विचारलं होतं का?”

“नाही.”

“का?”

“तिला वाटलं, बोलावणं देवाचं काम आहे. आपण मध्ये पडायचं नाही.”

“आणि पाणी घालताना ती मध्ये पडली नाही का?”

कोकिळाला राग आला. पोराच्या वयाचा माणूस, आणि नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवतो. ती सलामसुद्धा न करता निघाली. रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि रिक्षावाला आरशातून बघतोय.

मंगळवारी रनाळ्याहून भिकुबाई आल्या. हेमराजची ही मोठी बहीण, सत्तरीतली, पण बसमध्ये कोणी जागा दिली नाही तर अख्ख्या बसला ऐकवणारी. येताना त्यांनी ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, भरताची वांगी आणि कागदाच्या पुडीत अंगारा आणला होता. कोकिळाला तो बघूनच ताण आला. दरवेळी त्या अंगारा लावायच्या आणि दरवेळी ती स्वयंपाकघरात निघून जायची. या वेळी मात्र ती दारातच खिळून राहिली.

भिकुबाईंनी पुडी सोडली, बोटावर राख घेतली आणि भावाच्या तोंडाजवळ वाकल्या. “भाऊ, लावू का रे?”

“लाव,” हेमराज म्हणाला आणि कपाळ पुढे केलं.

एवढंच. चार शब्दांचा प्रश्न आणि एका शब्दाचं उत्तर. कोकिळा दाराची चौकट धरून उभी राहिली. त्या अडाणी बाईनं विचारलं. अंगठा उमटवणारी, शास्त्राचा गंध नसलेली बाई, तिनं आपल्या भावाला विचारलं. आणि मी? मी चोरासारखं त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि फाटक वाजल्यावर पळाले. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की भिकुबाईंना चहा देताना ती त्यांच्या डोळ्याला डोळा देऊ शकली नाही. दुपारच्या बसनं त्या परत गेल्या. जाताना म्हणाल्या, “कोकिळा, तुन्हं तोंड काबर उतरेल शे? त्यानापेक्षा तूच आजारी दिखी ऱ्हायनी.”

बुधवारी सकाळी कोकिळानं पाणी तापवलं. हेमराजला न्हाणीत नेऊन खुर्चीवर बसवलं. या वेळी साबण हातात घेतला नाही. ओल्या फरशीवरच त्याच्यासमोर बसली, गुडघे कुरकुरले तरी.

“तुम्हले काही सांगनं शे,” ती म्हणाली.

“सांग.”

“गुरुवारले, आंघोय करता करता... मी तुम्हना डोकावर...”

“दोनच टाकात,” हेमराज म्हणाला.

कोकिळानं झटकन मान वर केली.

“साबन डोयामा व्हता, सिस्टर. कानमा नही.”

“तुम्हले समजनं व्हतं?” तिचा आवाज चिरकला. “मंग काबर सांगं नही? माले काबर थांबाडं नही?”

हेमराजनं डावा हात उचलला, तिच्या खांद्यावर ठेवायला गेला आणि तो तिच्या केसांवर पडला. तसाच राहू दिला. “डोया उघडतू, त तू थांबी जाती,” तो म्हणाला.

न्हाणीत बादलीवरची वाफ तेवढी हलत होती. त्याला अजून बोलायचं होतं. ओठांचा डावा कोपरा धडपडत होता आणि उजवा साथ देत नव्हता. कोकिळानं घाई केली नाही. वाट बघणं तिला नोकरीनं शिकवलं होतं.

“पस्तीस वरीस,” तो म्हणाला, “मी त्या निंबना खाले बठनू. तू देऊयमा मजार जाये. एक डावबी म्हनी नही. चाला, मजार या.”

“मी तुम्हनी मायले शब्द दियेल व्हता!” कोकिळा रडायलाच लागली. “ओढाव नही म्हनीसन!”

“ओढू नको, म्हने ती. बलावू नको, आशे कव्हय म्हनी?”

“माले वाटनं, देव बलावी.”

कोकिळाला भीती वाटली, की आता हा पपईचं काहीतरी बोलेल, हसवेल, आणि पुन्हा सगळं निंबाखाली जाऊन बसेल. पण तो हसला नाही.

“तो कशा बलावस, माले काय माहीत?” तो म्हणाला. “माले त तुन्हाच आवाज आयकू उना.”

कोकिळा पदरात तोंड खुपसून रडली. पस्तीस वर्षांचं रडू होतं ते, लवकर आटपणार नव्हतं. तिनं आयुष्यभर एक माणूस देवावर सोपवला होता आणि त्याला मोठ्या मनाचा विश्वास मानलं होतं. आणि तो माणूस दर रविवारी दहा पावलांवर बसून, तोच पेपर दुसऱ्यांदा वाचत, तिच्या एका शब्दाची वाट बघत होता. निवडलेल्यांत त्याचं नाव आहे की नाही, हे तिला अजूनही माहीत नव्हतं. ते पाळकालाही माहीत नव्हतं. मनातली भीती काही गेली नव्हती. तिला फक्त एवढं कळलं होतं, की फाटक गॅसवाल्यानं वाजवलं होतं, देवानं नाही.

तिनं नाक पुसलं, उठली, तांब्या बुडवला. मग थांबली.

“पाळकसाहेबले बलावू?”

“सांजले येईच तो. मन्हा सवालनं उत्तर लईसन.” हेमराजनं बादलीकडे मान केली. “आते पानी थंड व्हई ऱ्हायनं.”

“पहिलेपाईन करू का मंग? तिन्ही?”

“दोन व्हई गयात. मी मोजेल शेतस.”

कोकिळानं तांब्या दोन्ही हातांत धरला. भिकुबाई वाकल्या होत्या तशी ती वाकली, त्याच्या तोंडासमोर तोंड आणलं.

“टाकू का?”

“टाक.”

तिनं पाणी ओतलं आणि तिसरं नाव घेतलं, इतकं मोठ्यानं की पलीकडे फाल्गुनीनं कपडे धुणं थांबवून काय झालं म्हणून हाक मारली. पाणी हेमराजच्या कपाळावरून, भिवयांवरून, कालच्या अंगाऱ्याच्या पुसट खुणेवरून खाली ओघळलं. तो तिच्याकडे बघत होता. या वेळी त्यानं डोळे मिटले नव्हते.